जाहिरातीच्या फोटोवर मजकूर कसा बसवावा

फोटो बरा आहे, मजकूर तपासलाय, फॉन्ट युनिकोड आहे, एवढं धरून चालतो. फॉन्ट मुक्ता घ्या, बलू घ्या, पण बोल्ड घ्या.

जागा शोधा. आकाश, भिंत, टेबलाचा कोपरा. ठाण्याच्या मासुंदा तलावाचा संध्याकाळचा फोटो असेल तर आकाशात लिहा. पाण्यावर दिव्यांचे ठिपके पडतात, मग अनुस्वार कुठला आणि दिवा कुठला तेच कळत नाही.

खरी गोची पुढे आहे. अक्षराला काळी किनार द्या, सावली द्या, चमक द्या, असं व्हिडिओत जो तो सांगतो. अजिबात देऊ नका. नौपाड्यातल्या एका फराळवाल्या काकूंचा फ्लेक्स मी असाच केला होता. मागे भरगच्च चकल्या, वर पिवळी अक्षरं, त्यांना लाल किनार. स्क्रीनवर झकास दिसत होतं. छापून आल्यावर किनारीच्या जाडीत 'खमंग'चा अनुस्वारच बुडाला. काकू फ्लेक्सखाली उभ्या राहून म्हणाल्या, "अरे, फोन नंबर टाकायला विसरलास का?" नंबर होता. चकल्यांत.

अक्षरांना नटवण्याऐवजी फोटोला गप्प करायचं असतं, हे तेव्हा कळलं. पांढरी अक्षरं घ्या. मजकुराखालचा भाग आधी थोडा ब्लर करा, म्हणजे चकलीचे काटे मरतात. मग त्यावर नवीन लेयर, त्यात ग्रेडियंट: मजकुराच्या बाजूला गडद, पलीकडे पूर्ण पारदर्शक. रंग निव्वळ काळा नको, फोटोवर राख सांडल्यासारखी दिसते. फोटोतलाच सर्वांत गडद रंग आयड्रॉपरने, म्हणजे रंग उचलायच्या टूलने, उचला. चकलीच्या फोटोत तो करपट तपकिरी असतो. लेयरचा ब्लेंड मोड मल्टिप्लाय ठेवा, तो खालचा फोटो गडद करतो. ओपॅसिटी, म्हणजे लेयरचा दाटपणा, 60 टक्क्यांपासून वर न्या. ब्लर आणि ग्रेडियंट दोन्ही लागतात: एक गजबज कमी करतो, दुसरा उजेड. आणि ओळीतलं शेवटचं अक्षर गडद भागातच संपलं पाहिजे. उतार त्याच्या पुढे सुरू होऊ दे. इथेच नव्वद टक्के लोक चुकतात, मीही चुकायचो.

वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, साध्या मजकुराला किमान 4.5:1 आणि मोठ्या अक्षरांना 3:1 सांगितलाय. तो अक्षरांमागच्या सर्वांत उजळ ठिपक्यावर मोजा.

इंग्रजी ट्युटोरियल बघून अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेवा, फॉन्टच्या आकाराच्या दीडपटीच्या आसपास, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

तपासायला भर दुपारी मोबाइल घेऊन ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर उभे राहा, ब्राइटनेस निम्मा ठेवा. फ्लेक्स असेल तर आधी फूटभर तुकडा छापून घ्या आणि रस्त्यापलीकडून बघा. गडद भाग छापताना बहुतेक वेळा आणखी काळवंडतो.

फोन नंबर फोटोवर टाकूच नका. खाली सपाट एकरंगी पट्टी, त्यात नंबर. काकूंचा आता तिथेच असतो.