ग्लूटेन चालत नाही आणि बाहेर जेवायचंय? हिंग, तेल आणि तवा विचारा

सिलिॲक म्हणजे गहू, बार्लीतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन न चालण्याचा आजार, तो असलेल्या माणसाला घेऊन बाहेर पडायचं म्हटलं की जो तो सांगतो ग्लूटेन फ्री हॉटेल शोधा, आता पुण्यामुंबईत मिळतीलही चारदोन कॅफे, पण सांगोल्याला नाहीतर चिपळूणच्या एसटी स्टँडवर काय शोधणार? माझ्या लेकाला सिलिॲक आहे आणि आम्ही फिरायचं काही सोडलेलं नाही. आपल्याकडे बाहेर खाणं जमतं, फक्त मेनूकार्डावर विसंबायचं नाही, आत किचनमध्ये काय चाललंय ते विचारायचं.

वेटरला "ग्लूटेन" म्हणू नका, तो हो हो म्हणतो आणि रवा डोसा आणून ठेवतो. सरळ सांगा, "दादा, ह्याला गहू, मैदा, रवा, शेवया काहीच चालत नाही, चिमूटभर गेलं तरी आजारी पडतो." ॲलर्जी म्हटलं तरी चालेल, खरं तर ही ॲलर्जी नाही, ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते, पण टेबलावर बसून लेक्चर कोण देणार. आणि जमलं तर गर्दी व्हायच्या आत जा, साडेबाराच्या आधी आचारी नीट बोलतो, दीड वाजता कुणीच बोलत नाही.

आता हिंग. इथेच बहुतेक लोक फसतात, कारण वरण, आमटी, सांबार, पिठलं सगळं दिसायला सेफ. शुद्ध हिंग फार उग्र असतो म्हणून डबीतला हिंग पिठात मिसळलेला असतो आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, घरी तोच आणा, पण हॉटेलात "बिन हिंगाची फोडणी द्या" एवढंच म्हणा, फारसं कुणी खळखळ करत नाही. सांबार मात्र सकाळीच झालेलं असतं, ते सोडा, आणि नारळाच्या चटणीवरही फोडणी असते, ती बिनफोडणीची मागा.

तेल म्हणजे कढई. बटाटावडा बेसनाचा, पण त्याच कढईत समोसा तळला असेल तर संपलं. तव्याचंही तसंच, चपाती झाली की त्याच तव्यावर भाकरी. तवा घासून द्या म्हणायला लाजू नका. भाकरीच्या पिठात गव्हाचं पीठ मिसळतात का तेही विचारा, काही ठिकाणी भाकरी तुटू नये म्हणून घालतात. तंदूरचं तर नावच नको, रोट्या आणि टिक्का एकाच भट्टीत.

आणि आता आमची सगळ्यात आवडती युक्ती, उपास! साबुदाणा खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, बटाट्याची भाजी, ह्यात गहूही नाही आणि हिंगही नाही. "उपासाचं तेल वेगळं ठेवता का?" हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉटेलात समजतो, कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. उत्तर नाही आलं तर साबुदाणा वडा सोडून खिचडी घ्या. लेकाला एकादशी आपली वाटते, आजीला वाटतं नातू भारी धार्मिक आहे.

गावागणिक बघायचं तर खानदेशात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली की प्रश्नच मिटला. कोल्हापुरात मिसळ मागाल तर पाव नको म्हणून भागत नाही, फरसाणात मैदा असू शकतो. मालवणात घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी निवांत खा, पण कोंबडी वड्यातल्या वड्याच्या पिठात गहू घालतात बरेच जण, विचारून घ्या. आणि मासे, अरे देवा, रव्यात घोळवलेले! मालवण असो की गोवा, "रवा नको, तांदळाच्या पिठात किंवा नुसताच मसाला लावून तव्यावर" हे ऑर्डर द्यायच्या आधी सांगायचं, कारण मासा एकदा रव्यात लोळला की वाद घालून उपयोग नाही. गोव्यात शीतकडी, म्हणजे भात आणि माशाची आमटी, आणि सोलकढी आहेच. गोडात बेबिंका मैद्याची, दोदोल तांदळाच्या पिठाचं, म्हणून दोदोल घ्या. बिअर बार्लीची, ती पण बाद.

लग्नाच्या पंगतीत जेवायला बसल्यावर विचारून काही होत नाही, सकाळी फोडणीच्या आधी आचाऱ्याला गाठा आणि आपली हिंगाची डबीच देऊन या. साधा भात, बिनफोडणीचं वरण, तूप, कोशिंबीर वेगळी काढून ठेवतो तो. प्रसादाचा शिरा रव्याचा, तो हातात घेऊन शेजारच्याला द्यायचा, देव काही रागवत नाही, काकू रागावतात.

प्रवासाच्या पिशवीत ज्वारीच्या दशम्या, फुटाणे, शेंगदाणे, चिक्की, घरचा चुरमुऱ्याचा चिवडा. पीठ घरघंटीवरचंच, गिरणीत आपल्या आधी कुणाचे गहू दळले ते सांगता येत नाही. मेतकूट घेऊ नका, त्यात गहू असतो. ट्रेनमध्ये कटलेटला ब्रेडचा चुरा असतो आणि सूप पिठाने दाट केलेलं असू शकतं, उकडलेली अंडी, केळी, दही बरं. पॅकेटवर मागे ॲलर्जीची ओळ वाचा, गहू असेल तर लिहावं लागतं, आणि ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही असा आपल्या एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे.

विमानात जीएफएमएल (ग्लूटेन फ्री मील) नावाचं जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, निदान एक दिवस आधी, आणि तरी पिशवीत लाडू असू द्या. युरोपात हॉटेलवाल्यांना कशात गहू आहे ते सांगावंच लागतं, इटलीत तर सिलिॲकवाल्यांची संघटनाच हॉटेलांची यादी ठेवते, पास्त्याच्या देशात इतकं सोपं जातं हे गंमतच आहे. जपानला मात्र भात मिळेल म्हणून निर्धास्त जाऊ नका, तिथल्या नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो आणि पाण्यासारखा पुढे येणारा गार चहा कधीकधी बार्लीचा असतो.