मराठी वेबपानावर ठळक काय करायचं: आधीची तयारी

डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी पानावर वाचकाला सगळ्यात आधी काय दिसायला हवं ते कागदावर एका ओळीत लिहा. महाविद्यालयाच्या प्रवेशाचं पान असेल तर अर्जाची शेवटची तारीख, मग अर्जाचं बटण, मग शुल्क. बाकी सगळं साधं. चौथी गोष्ट ठळक करण्याचा आग्रह कोणी धरलाच, तर या तिघांतली कोणती खाली उतरवायची ते त्यांनाच ठरवू द्या.

मग फॉन्ट, आणि इथे वेळ द्या. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे जोर देण्याचं बरंच काम अक्षराच्या जाडीवर येतं. ही जाडी आकड्यांत सांगतात, ४०० म्हणजे साधं अक्षर: मुक्त या फॉन्टमध्ये २०० ते ८०० अशा सात जाड्या मिळतात, नोटो सान्स देवनागरीत १०० ते ९००. मजकूर ४००चा असेल तर ५०० वेगळा उठून दिसत नाही; ६०० किंवा ७०० घ्या, आणि ती फाइल खरोखर लोड होते ना ते तपासा. नसेल तर ब्राउझर साधं अक्षरच फुगवतो आणि क्ष, ष्ठ, द्ध यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात. सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) font-synthesis: none लिहून ब्राउझरचं हे फुगवणं बंद करून पाहा, अक्षर साधंच राहिलं तर जाड फाइल नाही हे लगेच कळेल. तिरो देवनागरी मराठीसारखे थोडे अपवाद सोडले तर देवनागरी फॉन्टना खरी तिरपी अक्षरं नसतात, म्हणून इटॅलिक टाळाच.

इंग्रजी टेम्प्लेट वापरत असाल तर शीर्षकांचं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्य करा. नाहीतर शिरोरेषेचे तुकडे पडतात. अधोरेखा फक्त लिंकला ठेवा. ती कु, कृ, ट्र यांच्या खालच्या भागाला छेदते, किंवा ब्राउझर तिथे रेघ तोडतो. अधोरेखेचा ऑफसेट, म्हणजे अक्षरांपासूनचं अंतर, ०.२५ एम (em, अक्षराच्या आकाराच्या पाव) आणि ओळीची उंची अक्षराच्या १.६ पट इथून सुरू करा, मग डोळ्यांनी जुळवा.

रंगात सगळ्यात जास्त घोळ केशरीचा होतो. #FF9933 या कोडचा केशरी पांढऱ्यावर जेमतेम २.१:१ कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणातल्या फरकाचं गुणोत्तर) देतो. साध्या मजकुराला ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. केशरी बटणावर पांढरी अक्षरं ठेवली तरी गुणोत्तर तेच राहतं, म्हणून तिथे काळी अक्षरं घ्या. 'लाल अक्षरांतील माहिती भरणे आवश्यक' अशी सूचना नको: रंग न ओळखणाऱ्याला ती काहीच सांगत नाही. शेजारी 'आवश्यक' हा शब्दच लिहा.

मजकूर महत्त्वाचा आहे असं सांगणारा स्ट्राँग टॅग लावला तरी बरेच स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर) तो ठळकपणा आपणहून सांगत नाहीत. 'शेवटची तारीख' हे शब्द तारखेआधी हवेतच, आणि तेही मजकुरात, बॅनरच्या चित्रात नव्हे.

शेवटी पान ३६० पिक्सेल रुंदीवर, रंग काढून, डोळे किलकिले करून पाहा. आधी बटण नजरेत भरलं तर तारखेची अक्षरं वाढवण्याआधी तिच्याभोवतीची मोकळी जागा दुप्पट करून बघा.