कांजिण्या: डासांवर ढकलण्याआधी डोक्यात बघा

थोरलीच्या कांजिण्या मी चार दिवस डासांच्या नावावर खपवल्या. पाठीवर पाच-सहा लाल ठिपके, एक-दोन पोटावर, अंग किंचित कोमट. रात्री खिडकी उघडी राहिली असणार, असं म्हणून खिडकी लावली आणि विषय संपवला. पाचव्या दिवशी सकाळी वेणी घालताना कंगवा लागला आणि ती कळवळली. केस बाजूला केले तर मुळाशी दोन पाण्याचे फोड आणि शेजारी एक वाळलेली खपली. डास केसांत शिरून असले उद्योग करत नाहीत.

म्हणून शंका आली की आधी डोक्यात बघा. मग कानामागे, तोंडात टॉर्च मारून टाळ्याला, आणि लहान मूल असेल तर लंगोटाखाली. कांजिण्या बहुधा छाती, पोट, पाठ आणि चेहऱ्यावर सुरू होतात आणि मग हातापायांकडे जातात. तळहात-तळपायांवरच फोड जास्त आणि तोंडातही आलेले, असं असेल तर तो बहुधा हात-पाय-तोंडाचा आजार. गोवरात पुरळ उठण्याआधीच दोन-चार दिवस चांगला ताप, खोकला, वाहणारं नाक आणि लाल डोळे असतात, आणि त्या पुरळात पाणी भरत नाही. खरूज बोटांच्या बेचक्यांत बसते आणि रात्री जास्त छळते.

खरी खूण मात्र वेगळीच आहे. कांजिण्यांत एकाच जागी सगळ्या वयांचे फोड सापडतात. एक नुसता ठिपका, त्याच्या बाजूला पाण्याने टचटचीत भरलेला, त्याच्या बाजूला खपली धरलेला. कारण पुरळ एकदम उठत नाही, तीन-चार दिवस नव्या नव्या खेपा येत राहतात. देवीच्या रोगात एका भागातले सगळे फोड एकाच टप्प्यावर असत. हे दोन आजार वेगळे आहेत, हे विल्यम हेबरडेन या इंग्रज डॉक्टरांनी १७६७ साली नीट मांडून दाखवलं. देवी १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. कांजिण्या मात्र आहेत.

थोरलीचं चित्र इतकं फिकं का होतं, ते डॉक्टरांकडे कळलं. तिला लशीचा एक डोस मिळालेला होता. लस घेतलेल्या मुलाला कांजिण्या झाल्याच तर ठिपके बहुधा पन्नाशीच्या आत, बरेचसे सपाट, ताप थोडा किंवा नाहीच. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर २५० ते ५०० फोड ही नेहमीची गोष्ट. सौम्य असल्या तरी त्या पसरतातच. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल दुसऱ्याला लागण देऊ शकतं. म्हणजे मला कळलं त्या दिवसाच्या आधीचा जवळजवळ आठवडा थोरली शाळेत आणि घरात विषाणू वाटत हिंडत होती.

घरात म्हणजे धाकट्याला. वय अडीच. त्याची लस सर्दीमुळे पुढे ढकलली आणि मग विसरलो. हा दोष सरळ माझा. लागण झालेल्या माणसाशी संपर्क आल्यापासून तीन, फार तर पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा हलका होतो. डासांच्या नादात तोही वेळ मी घालवला होता.

आणखी एक फोन करायचा होता. त्या चार दिवसांत माझी बहीण येऊन गेली होती, पाचवा महिना चालू होता तिला. तिला लगेच कळवलं, तिने त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारलं. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्याचं तिला आठवत होतं, रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती असल्याचंही दिसलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ज्यांना ती नसते अशा गरोदर बाईला संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत अँटीबॉडीचं इंजेक्शन देता येतं, म्हणून लाजायचं नाही, फोन करायचा. ज्यांच्या घरी नवजात बाळ आहे, कोणाला कॅन्सरचे उपचार चालू आहेत किंवा पोटातून स्टेरॉइड चालू आहे, त्यांनाही. या फोनांची यादी मी औषधाच्या आधी ठेवीन.

विषाणू अंगात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, बहुतेकदा दोन आठवडे. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली. पंधराव्या दिवशी धाकटा जेवायला नको म्हणाला आणि मांडीवर येऊन नुसता पडून राहिला. संध्याकाळी १०१ ताप, दुसऱ्या सकाळी पोटावर ठिपके.

त्यातल्या एकाभोवती, बेंबीच्या डाव्या बाजूला, मी बॉलपेनने गोल काढला. सकाळी तो नुसता लाल ठिपका होता. दुपारी हाताला उंचवटा लागला. रात्री त्यावर पातळ, चकचकीत पाण्याचा थेंब बसला होता, इतका नाजूक की चादर घासली तरी फुटेल. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं आणि मधोमध खळगा पडला. तिसऱ्या दिवशी तपकिरी खपली. धाकट्याला हा खेळ इतका आवडला की प्रत्येक फोडाला गोल हवा म्हणून तो हट्ट धरून बसला. थोरलीने मोजायला घेतलं, एकशे ऐंशीनंतर तिचाही धीर सुटला.

आता औषधं. कांजिण्या व्हॅरिसेला-झोस्टर या विषाणूने होतात, त्यामुळे अँटिबायोटिकचा त्यावर काही उपयोग नाही. विषाणूवरचं असायक्लोव्हिर निरोगी लहान मुलांना सरसकट देत नाहीत. द्यायचंच तर पुरळ उठल्यापासून २४ तासांत सुरू केलेलं बरं, त्यामुळे डॉक्टरांना विचारायचं ते पहिल्याच दिवशी. घरातल्या दुसऱ्या मुलाला आजार जरा जोरात येतो, म्हणून मी विचारलं. त्यांनी धाकट्याला तपासलं आणि नको म्हणाले.

तापाला पॅरासिटामॉल, तेही मूल अस्वस्थ असेल तर. वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसरात्र मिळून चारापेक्षा जास्त डोस नाहीत. बाटली उचलताना लेबल वाचा: थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत औषधाचं प्रमाण वेगवेगळं असतं, आणि मध्यरात्री दोन्ही सारख्याच दिसतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काहीच न देता डॉक्टर गाठा. अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. कांजिण्यांत मुलाला अ‍ॅस्पिरिन दिलं तर राय सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा आजार होऊ शकतो. आयबुप्रोफेनही डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय नको, कारण कांजिण्यांत ते घेतल्याचा संबंध कातडीच्या गंभीर जंतुसंसर्गाशी आढळलेला आहे. आमच्या कपाटात तीच बाटली पुढे होती. मी ती वरच्या फळीवर मागे सारली.

तापापेक्षा खाजेने जास्त दमवलं. पहिल्याच दिवशी नखं कापून कानशीने गुळगुळीत केली, दिवसातून चार-पाच वेळा हात धुतले, आणि रात्री हातांवर सुती मोजे चढवले. मोजे तो पाच मिनिटांत काढायचा, मग लांब बाह्यांचा सदरा घालून बाह्यांची टोकं शिवून टाकली. कॅलामाइनची बाटली आधी हलवायची, कापसाने थेंब थेंब टिपत लावायचं, चोळायचं नाही. डोळ्यांजवळ, तोंडात आणि फुटलेल्या फोडांवर नको. आंघोळ घालू नका, असं कोणी तरी सांगतंच. घाला. कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटं, साबण जवळजवळ नाहीच, आणि मऊ टॉवेलने टिपून घ्यायचं. त्या पंधरा मिनिटांत धाकटा खाज विसरायचा, आणि मीही जरा टेकायचो. कपडे सैल, सुती. अंगावर पांघरुणांचा ढीग नको, घाम आला की खाज दुप्पट होते. रात्री झोपच लागत नसेल तर खाजेचं पोटात घ्यायचं औषध डॉक्टरांना विचारून द्या, आपल्या मनाने नाही.

तोंडात फोड असतील तर मूल खात नाही, त्यावर भांडू नका. गार, मऊ, अळणी असं जे उतरेल ते, आणि घोट घोट पाणी. खाणं दोन दिवस कमी झालं तर चालतं, पाणी कमी झालेलं चालत नाही. लघवी किती वेळा झाली ते मी भिंतीवरच्या कागदावर लिहीत होतो. लंगोटाच्या जागी फोड असले की लघवी करताना चुरचुरतं आणि मूल ती धरून ठेवतं, म्हणून धाकट्याला दिवसा बराच वेळ उघडाच सोडला.

रोज संध्याकाळी चांगल्या उजेडात सगळं अंग एकदा बघायचं. एखाद्या फोडाभोवतीची कातडी लाल होत पसरली, गरम लागली, सुजली, पू दिसला किंवा हात लावू देईना, तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टर. ताप चार दिवसांपेक्षा जास्त टिकला किंवा उतरून पुन्हा चढला तरी. डोळा लाल झाला, दुखू लागला तरी. धाप लागणं, चालताना तोल जाणं, मान ताठणं, सारख्या उलट्या, उठवूनही न उठणारी झोप, यांतलं काही दिसलं तर संध्याकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. मात्र दवाखान्यात निघण्याआधी फोन करून कांजिण्या असल्याचं सांगा, म्हणजे ते मुलाला बाहेरच्या गर्दीत बसवणार नाहीत. मी पहिल्या खेपेला सांगितलं नव्हतं, आणि आमच्या शेजारच्या खुर्चीत तान्हं बाळ होतं.

शाळेत परत कधी? शेवटच्या फोडावर खपली धरल्यावर, म्हणजे पुरळ उठल्यापासून साधारण पाच-सात दिवसांनी. लस घेतलेल्या मुलांच्या ठिपक्यांवर कधी कधी खपली धरतच नाही, तेव्हा २४ तास एकही नवा ठिपका दिसला नाही की पुरे. शाळेला मात्र पहिल्याच दिवशी कळवा, वर्गात कोणाच्या घरी गरोदर आई असते.

खपल्या एक-दोन आठवड्यांत आपसूक गळतात. नखाने उचकटल्या की खड्डा राहतो. धाकट्याच्या कपाळावर एक आहे, तो माझी पाठ फिरलेली असताना झाला. मोठेपणी हाच विषाणू नागीण म्हणून उठू शकतो, कारण तो मज्जातंतूंच्या मुळाशी दबून राहतो. मिचिआकी ताकाहाशी या जपानी डॉक्टरांच्या मुलाला १९६४ साली कांजिण्या जोरात झाल्या, आणि दहा वर्षांनी त्यांनी लस तयार केली. थोरलीचा दुसरा डोस कधी आणि द्यायचा का, ते डॉक्टरांना विचारलं आणि यावेळी तिथेच कॅलेंडरवर लिहिलं.

बेंबीजवळची खपली बाराव्या दिवशी आंघोळीत गळली. खाली गुलाबी, नवी कातडी. पेनाचा गोल केव्हाच पुसून गेला होता. धाकट्याने तो परत काढून घेतला.