युनिव्हर्सिटीजवळचा फ्लॅट: नुसता बघू नका, वापरून बघा

अॅडमिशन कन्फर्म झाली की सगळ्यांची एकदमच फ्लॅटसाठी पळापळ सुरू होते, आणि त्या पळापळीत फ्लॅट बघणं म्हणजे काय तर एजंट कुलूप उघडतो, आपण सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारतो, बाल्कनीत उभं राहून "मस्त आहे हो" म्हणतो आणि जिना उतरता उतरता अॅडव्हान्स देऊन मोकळे. एवढ्यात दिसतो तो फक्त रंग आणि फरशी. पुढे वर्षभर जे डोकं खातं ते म्हणजे पाणी, आवाज, नेट, रूममेट आणि करारातल्या बारीक अटी, यातलं एकही नुसतं बघून कळत नाही. त्यामुळे फ्लॅटवर जायचं ते आपण तिथे राहतोच आहोत असं धरून, नळ सोडायचे, दारं लावून बघायची, जिथे टेबल लावणार तिथे जरा वेळ बसायचं, आणि एजंट सारखा घड्याळ बघत असेल तर बघू दे.

आधी अंतर. जाहिरातीत "कॅम्पसपासून ५ मिनिटं" असतं पण कुठल्या गेटपासून आणि कशावर बसून ते कोणी लिहीत नाही. माणूस साधारण तासाला ५ किलोमीटर चालतो म्हणजे १ किलोमीटरला १२ मिनिटं, आणि मोठ्या कॅम्पसमध्ये गेटपासून डिपार्टमेंटच दोन किलोमीटर आत असू शकतं, म्हणजे गेट ५ मिनिटांवर आणि लेक्चर अर्ध्या तासावर. म्हणून मॅपवर युनिव्हर्सिटीचं नाव टाकून शोधूच नका, तुमचं डिपार्टमेंट, लॅब किंवा लायब्ररी, जिथे तुम्ही खरंच रोज जाणार ती बिल्डिंग टाका. शिवाय मागचं गेट रात्री बंद होतं का, सुट्टीच्या दिवशी उघडतं का हे वॉचमनला विचारा, कारण बऱ्याच "जवळच्या" फ्लॅटांचं जवळपण त्या एका मागच्या गेटवर चाललेलं असतं.

मग तो रस्ता एकदा प्रत्यक्ष चालून बघा, पाठीवर बॅग घेऊन, सकाळी लेक्चरच्या वेळेला. आणि एकदा रात्री, लायब्ररी बंद व्हायच्या सुमाराला, दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, फुटपाथ आहे का. लॅबवाल्या लोकांनी तर रात्रीचाच रस्ता खरा धरावा. बसने जायचं असेल तर बस आहे का एवढं विचारून भागत नाही, किती वेळाने असते आणि शेवटची कधी सुटते ते महत्त्वाचं.

थोडं लांब घेतलं की भाडं कमी होतं हे बहुतेक ठिकाणी खरंच आहे, पण वेळेचा हिशोब पण करा. जायला २५ मिनिटं आणि यायला २५, महिन्याचे २२ दिवस धरले तर १८ तासांच्या वर जातात, त्यात प्रवासाचे पैसे वेगळे. ते १८ तास बसमध्ये बसून वाचण्यात जाणार असतील तर ठीके, उभं राहून लोंबकळण्यात जाणार असतील तर भाड्यात वाचलेले पैसे वाचले असं मला तरी वाटत नाही. आणि अगदी गेटसमोर घेण्याचाही मला फारसा उत्साह नाही, कारण तिथे रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो आणि दोन लेक्चरच्या मधल्या वेळात अख्खा वर्ग तुमच्याकडे पडीक असतो. चालत १०-१५ मिनिटं हे मला सगळ्यात बरं वाटतं.

पैशांचं म्हणाल तर भाडं किती हा अर्धाच प्रश्न झाला. महिन्याला एकूण किती जाणार हे विचारा, म्हणजे भाडं, मेंटेनन्स, वीज, पाणी, गॅस, नेट, पार्किंग, जे काय असेल ते सगळं धरून. यातलं काय भाड्यात आलं आणि काय वेगळं ते एकेक करून बोलून घ्या. विजेचा मीटर वेगळा आहे की मालकाबरोबर कॉमन आहे, आणि कॉमन असेल तर बिल कसं वाटणार? शक्य झालं तर जुनी बिलं मागा, एक सगळ्यात गरम महिन्याचं आणि एक सगळ्यात थंड महिन्याचं, कारण फरक तिथेच पडतो. सुरुवातीला एकरकमी किती द्यायचं तेही वेगळं मांडा, डिपॉझिट, एजंटची फी, पहिलं भाडं, गादी-टेबल-पंखा. आणि मोठ्या सुट्टीत तुम्ही घरी जाणार असाल तरी करार बारा महिन्यांचा असेल तर त्या महिन्यांचं भाडं पण तुमच्याच खिशातून जाणार, तेव्हा सेमिस्टर कधी संपतं आणि करार कधी संपतो हे दोन्ही एका कागदावर लिहून बघा.

आता प्रत्यक्ष फ्लॅट. शॉवर चालू ठेवून त्याच वेळी बेसिनचा नळ सोडा आणि फ्लश करा, पाण्याची धार एकदम बारीक झाली तर सकाळी तीन जणांची आंघोळ म्हणजे रोजची भांडणं. गरम पाणी यायला किती वेळ लागतो आणि टाकी किती जणांना पुरते ते विचारा. सिंकखालचं कपाट उघडून आत हात फिरवा, ओल, कुबट वास, झुरळं, जे असेल ते तिथे सापडतं. बेसिनमध्ये पाणी भरून एकदम सोडा, निचरा किती वेळात होतो ते दिसेल. फक्त एकाच भिंतीला किंवा एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर तिथे ओल होती का असं सरळ विचारा, कपाटाच्या मागे आणि खिडकीच्या खाली पण डोकावून बघा, पोपडे आणि काळे डाग रंगाखाली फार दिवस लपत नाहीत.

बाथरूममध्ये किंवा बंद जागेत गॅसवर चालणारा गीझर असेल तर हवा खेळायला जागा आणि धूर बाहेर जायला सोय आहे का हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंगही नसतो आणि वासही नसतो, म्हणजे बघून किंवा वासाने कळायला मार्गच नाही, आणि त्याने माणसं दगावतात. इथे मी अजिबात तडजोड करायला सांगणार नाही, फ्लॅट कितीही स्वस्त असू दे.

फर्निचरसकट फ्लॅट असेल तर गादीच्या शिवणी उलगडून बघा, छोटे काळे किंवा गंजासारखे ठिपके म्हणजे ढेकणांची शक्यता. मोठा ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा असतो, डोळ्यांना दिसतो, पण दिवसा तो फटीत दडलेला असतो त्यामुळे पलंगाचे सांधे आणि भिंतीकडची बाजू बघा. एकदा सामानात शिरले की पुढच्या घरी पण तुमच्याबरोबर येतात.

नंतर ज्या खोलीत अभ्यास करणार तिथे दार-खिडकी लावून पाच मिनिटं गप्प बसा. शेजारचा टीव्ही, लिफ्टची मोटर, वरच्यांची खुर्ची ओढणं, रस्ता, काय काय येतं ते ऐका. दुपारी शांत असलेली बिल्डिंग रात्री अकराला तशीच असेल असं काही नाही, म्हणून दुसरी चक्कर मुद्दाम वेगळ्या वेळेला मारा. बसल्या बसल्या फोनवरून कोणालातरी व्हिडिओ कॉल लावा, नुसत्या रेंजच्या काड्या बघून काही समजत नाही. बिल्डिंगमध्ये कुठल्या कंपनीचं ब्रॉडबँड येतं ते शेजाऱ्यांना विचारा, आणि नेट आधीच असेल तर स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडा पण बघा, ऑनलाइन व्हायवा देताना तुमचा आवाज तुटतो तो बऱ्याचदा अपलोडमुळे. प्लगचे पॉइंट मोजा आणि चार्जर लावून एकेक तपासा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतरचं ऊन थेट आत येतं आणि सगळ्यात वरच्या मजल्याला गच्ची तापल्याचा त्रास होतो, थंड प्रदेशात मात्र पश्चिमेचं ऊन फायद्याचं. कुलूप बाहेरून-आतून नीट लागतं का, तळमजल्याच्या खिडक्यांना बंदोबस्त आहे का, आग लागली तर दुसरा जिना कुठेय, हे पण त्याच फेरीत उरकून घ्या.

सगळ्यात खरी माहिती देतो तो सोडून जाणारा भाडेकरू. मालक समोर नसताना त्याला दोनच गोष्टी विचारा, का सोडताय आणि काही बिघडलं तर मालक किती दिवसांत माणूस पाठवतो. त्याचं डिपॉझिट अजून अडकलेलं असेल तर तो मोकळेपणाने बोलेलच असं नाही, मग शेजारच्या दारावर टकटक करा.

रूममेट हा विषय लोक फार हलका घेतात. मित्र आहे म्हणजे जमेल असं नसतं, झोपायची वेळ, स्वच्छता, बाहेरचे लोक घरी येणं आणि पैसे वेळेवर देणं या चार गोष्टींवर आधीच बोला, अवघड वाटलं तरी. खोल्या लहान-मोठ्या असतील तर भाडं सारखं वाटायची गरज नाही, बाल्कनीवाल्याने जास्त द्यावं, पण ते राहायला जायच्या आधी ठरवायचं, नंतर हा विषय निघाला की वादच होतो. आणि करार कसा आहे ते बघा. सगळ्यांनी मिळून एकाच करारावर सह्या केल्या आणि सगळ्यांची जबाबदारी सामाईक असं त्यात असेल, तर एकाने मधेच पळ काढला की त्याचा हिस्सा मालक बाकीच्यांकडे मागू शकतो. प्रत्येक खोलीचा वेगळा करार मिळत असेल तर ही कटकट वाचते, फक्त मग रिकाम्या खोलीत कोण येणार हे मालक ठरवतो. आणि एकाच्याच नावावर करार आणि बाकीचे तोंडी, हे तर दोन्ही बाजूंनी वाईट, नाव असलेल्याच्या डोक्यावर सगळं ओझं आणि नाव नसलेल्यांना काही हक्कच सांगता येत नाही.

करार पूर्ण वाचा, कंटाळा आला तरी. बघायचं ते हे: नोटीस किती दिवसांची, किती महिने सोडताच येणार नाही, मधे सोडलं तर किती कापणार, भाडं कधी आणि किती वाढणार, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि कशाकशाचं कापणार, दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, दुसऱ्याला जागा देता येते का, पाहुण्यांचे काय नियम, मालक न सांगता आत येऊ शकतो का. "रंग करून देतो", "फ्रिज बदलून देतो" ही तोंडी आश्वासनं करारात लिहून घ्या, निदान मेसेजवर तरी घ्या. नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे असतात, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये स्टुडंट हाउसिंगचं ऑफिस किंवा विद्यार्थी संघटना असते, तिथे करार दाखवून सही करायच्या आधी मत घेता येतं, लोक हे विचारतच नाहीत.

फसवणूक ओळखणं फार अवघड नाही. आजूबाजूच्या मानाने भाडं एकदम कमी, फोटो हॉटेलसारखे, मालक "सध्या बाहेरगावी" आणि "तीन जण रांगेत आहेत, आजच पैसे पाठवा". हे सगळं एकत्र दिसलं की थांबा. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा, तेच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडले की झालंच. आतून फ्लॅट न बघता आणि जागा खरंच त्याची आहे याचा कागद न बघता पैसे द्यायचे नाहीत. तुम्ही लांबून येणार असाल तर तिथल्या ओळखीच्या कोणालातरी पाठवून लाइव्ह व्हिडिओ कॉलवर बघा, आणि कोणीच नसेल तर आधी आठ-पंधरा दिवसांची तात्पुरती सोय करून मग शोधा. पैसे दिले की पावती घ्या, रोख असेल तर नक्कीच.

चावी हातात आली की सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या फ्लॅटचा एक सलग व्हिडिओ काढा, प्रत्येक भिंत, ओरखडे, तुटलेली टाइल, नळ, गाद्या, वीज-पाण्याच्या मीटरचं रीडिंग, सगळं. तो त्याच दिवशी मालकाला पाठवून द्या म्हणजे तारीख पक्की राहते. काय काय सामान मिळालं त्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या, चाव्या किती मिळाल्या तेही त्यातच लिहा, आणि जुन्या भाडेकरूकडे एखादी चावी राहिली असेल असं वाटलं तर कुलूप बदलायला लगेच सांगा.