गोष्ट सांगितलीत, कथानक कुठे आहे?

दहापैकी चार. शेजारी लाल शाईत एकच ओळ होती : ‘गोष्ट सांगितलीत, कथानक कुठे आहे?’

रत्नागिरीत मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा. असाइनमेंट होती, एका कौटुंबिक ॲनिमेशनपटाच्या कथानकाची बांधणी तपासा. मी माशांच्या गोष्टीचा ‘फाइंडिंग निमो’ घेतला, कारण तो मला पाठ होता. सहा पानं भरून लिहिलं. बाप हरवलेल्या पोराला शोधायला निघतो, वाटेत शार्क भेटतात, मग जेलीफिश, मग कासवं, मग देवमासा, आणि शेवटी भेट होते. भाषा बरी होती, अक्षर चांगलं होतं, आणि मार्क चार. तेव्हा राग आला होता. आता पुण्यातल्या एका स्टुडिओत मुलांच्या मालिकांच्या संहिता वाचायचं काम करते, आणि नवीन पोरांचे नमुना-अहवाल टेबलावर येतात तेव्हा तोच लाल शेरा लिहायला हात शिवशिवतो. म्हणून हे लिहितेय.

तर जूनमध्ये मालवणजवळच्या आचऱ्याला घरी आले. जुलैत पुन्हा लिहून द्यायची मुभा होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, आणि उधाणात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, तीही होत नाही, त्यामुळे काका घरीच. लॅपटॉप जुना, बॅटरी तासभर टिकायची, आणि पावसात आमच्याकडे वीज म्हणजे पाहुणी. सिनेमा तुकड्यातुकड्याने बघावा लागला. त्याचा फायदाच झाला. सलग बघितलं की आपण वाहून जातो, आणि वाहून जाणाऱ्याला प्रवाह कुठे वळला ते दिसत नाही.

कोरी वही नव्हती. काकांनी रापणीच्या वाटपाची जुनी वही दिली, निम्मी रिकामी. तिच्यात आधीच उभ्या रेघा मारलेल्या होत्या : तारीख, मासळी, टोपल्या, वाटे. मी त्याच रकान्यांत प्रसंग भरले. पहिल्या रकान्यात कितवं मिनिट, दुसऱ्यात काय घडलं, तिसऱ्यात कोणामुळे घडलं, चौथ्यात त्यानंतर काय बदललं. आजही हेच चार रकाने वापरते. यातला तिसरा रकाना सगळ्यात त्रास देतो, आणि खरं काम तोच करतो.

एक उदाहरण सांगते. निमो म्हणजे ते पोर. त्याला एक पाणबुड्या पकडतो, तो दंतवैद्य असतो, आणि आपल्या काचेच्या टाकीत नेऊन ठेवतो. माझ्या सहा पानांत हे ‘दुर्दैवाने’ घडलं होतं. तिसरा रकाना भरायला बसले आणि अडले. कोणामुळे? पाणबुड्यामुळे, असं लिहिलं, पण पटेना. मागे जाऊन पुन्हा बघितलं. शाळेचा पहिला दिवस. वर्ग खोल पाण्याच्या कडेला गेलाय हे कळल्यावर त्याचा बाप मार्लिन घाबरून मागोमाग येतो. निमो कडेपाशी आहे, लांब जायचा त्याचा विचारही नाही. पण बाप सगळ्यांसमोर त्याला सुनावतो, तुला हे जमणार नाही म्हणून. निमो चिडतो, तू मला आवडत नाहीस म्हणतो, आणि बाप शिक्षकांशी बोलण्यात गुंतलेला असताना मुद्दाम बोटीपर्यंत पोहून तिला हात लावून येतो. परतताना पकडला जातो. म्हणजे ज्या भीतीपोटी बाप धावत आला, त्याच भीतीने पोर बोटीकडे ढकललं गेलं. रकान्यात लिहिलं : मार्लिनमुळे. ते लिहिलं तेव्हा सिनेमा पहिल्यांदा उघडला.

यावरून पुढची युक्ती निघाली. दोन प्रसंगांच्या मधल्या रेघेवर एक शब्द लिहायचा : ‘आणि मग’, ‘पण’ किंवा ‘म्हणून’. माझ्या सहा पानांत सगळीकडे ‘आणि मग’ होतं. आजी रात्री गोष्ट सांगायची तशी, झोप येईपर्यंत चालणारी. वहीत मात्र ‘म्हणून’ आणि ‘पण’ वाढत गेले. जिथे ‘आणि मग’ शिल्लक राहतो तिथे एकतर लेखक ढिला पडलेला असतो किंवा आपण. नवशिक्यांनी आधी आपल्यावर संशय घ्यावा.

माझ्यावर तो घ्यावा लागलाच. कासवांच्या प्रसंगानंतर एक गमतीची साखळी आहे. मार्लिन आपली कहाणी कासवाच्या पिल्लांना सांगतो, पिल्लांकडून ती माशांकडे जाते, मग शेवंडांकडे, पक्ष्यांकडे, आणि शेवटी सिडनीच्या बंदरातल्या पेलिकनच्या कानावर पडते. पहिल्या खेपेला मी याला ‘विनोदी विरंगुळा, काढून टाकला तरी चालेल’ असं लिहिलं होतं. आठवलं तरी लाज वाटते. पेलिकन ती बातमी दंतवैद्याच्या टाकीतल्या निमोला सांगतो. त्याआधी टाकीतून सुटण्यासाठी तिचा फिल्टर बंद पाडण्याच्या पहिल्या प्रयत्नात निमो मरता मरता वाचलाय, आणि ती योजना रद्द झालीय. भित्रा बाप शार्कशी झुंजत आपल्यासाठी येतोय हे कळल्यावर निमो कुणी न सांगता खडा घेऊन पुन्हा त्या फिल्टरमध्ये शिरतो. बापाचं धाडस समुद्रातून टाकीत पोहोचतं ते याच साखळीने. ती काढली तर एका सिनेमात दोन वेगळ्या गोष्टी उरतात, एकीचा दुसरीशी संबंध नाही. घराच्या वाशात खुंटी असते ना, दिसत नाही पण काढली की छप्पर खाली, तसलं हे.

इथे आपल्या नाट्यशास्त्रातले शब्द फार उपयोगी पडले. भरताने कथावस्तूच्या पाच अर्थप्रकृती, म्हणजे कथा पुढे नेणारे घटक, सांगितल्यात : बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य. मुख्य कथेला जोडून लांबपर्यंत चालणारी उपकथा ती पताका. थोडा वेळ येऊन मदत करून जाणारी ती प्रकरी. टाकीतल्या माशांची गोष्ट पताका, कासवं आणि देवमासा प्रकरी. कॉलेजात आम्हाला सिड फील्ड या अमेरिकन पटकथा-शिक्षकाची तीन अंकांची चौकट शिकवली होती, १९७९ च्या त्याच्या पुस्तकातली. ती वाईट नाही, पण नवीन माणूस ती हाती आली की शिक्क्यासारखी मारत सुटतो. पंचविसाव्या मिनिटाला वळण सापडलं नाही तर सिनेमाच चुकला म्हणतो. चौकट शेवटी लावून बघावी, आधी नाही. आमच्याकडच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. तोंड रंगवायला बसले की आख्यान ठरतं, कोण कधी येणार आणि कशासाठी येणार एवढंच बोलून घेतात, बाकी संवाद उभ्या उभ्या. ते ‘कशासाठी’ पक्कं असेल तर पहाटेपर्यंत नाटक डळमळत नाही.

ॲनिमेशनबद्दल एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवा. हा सिनेमा शंभर मिनिटांचा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, धरली तर १,४४,००० होतात, आणि त्यातली एकही आपसूक मिळालेली नाही. प्रत्यक्ष चित्रणात कॅमेऱ्यासमोरून कुत्रा गेला तर तो गेला. इथे कुत्रा हवा असेल तर कुणीतरी तो घडवावा लागतो. शिवाय ॲनिमेशनपटाचं संकलन बव्हंशी आधीच होतं. स्टोरीबोर्डची चित्रं आणि तात्पुरते आवाज जोडून अख्खा सिनेमा कच्चा बघतात, मोडतात, पुन्हा जोडतात. ‘निमो’चा दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन याने स्वतःच सांगितलंय की निमोची आई आणि बाकीची अंडी ज्यात गेली त्या बॅराकुडा माशाच्या हल्ल्याची हकीगत आधी सिनेमाभर तुकड्यांनी, आठवणीच्या रूपात पेरलेली होती. त्यामुळे मार्लिन नुसता कटकट्या बाप वाटायचा. ती सगळी हकीगत उचलून सुरुवातीला ठेवली आणि तोच मार्लिन आपलासा वाटायला लागला. संवाद तेच, वागणं तेच, फक्त प्रेक्षकाला आधी काय माहीत आहे ते बदललं. बांधणी म्हणजे काय ते मला इथे कळलं. म्हणून वहीत एक पान वेगळं ठेवा : प्रेक्षकाला काय कधी कळतं, आणि पात्राला कधी.

आवाज बंद करून एकदा बघाच. मी बघत होते तेव्हा काका दाराशी विडी ओढत उभे होते.

“काय गो, सकाळपासून माशे मोजतंस?”

शेवट चालू होता. मच्छीमार बोटीच्या जाळ्यात मार्लिनची प्रवासातली सोबतीण डोरी सापडलीय, आणि निमो म्हणतोय मी आत जातो, सगळ्यांना खाली पोहायला सांगतो. काका खाली बसले. मासे एकदम खाली जोर लावतात, दांडी मोडते, जाळं समुद्रात पडतं.

“असा खाली पवान जाळा तुटाक लागला तर आमी काय खातलंव?”

मला हसू आलं. रापणीच्या जाळ्यात बोय वरून उड्या मारून पळते, बांगडा गोल गोल फिरत राहतो, हे मी लहानपणापासून बघितलेलं. मी म्हटलं, काका, शेवट म्हणून बरोबर आहे की नाही ते सांगा. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. आवाज नाही, नुसतं चित्र. मार्लिन निमोचा पर धरून ठेवतो, मान हलवतो, मग सोडतो.

“बापाशीन पोराक सोडल्यान ना, थयच पिक्चर संपलो. जाळा तुटता ता मागाहून.”

माझ्या वहीत कळसाच्या जागी ‘जाळं पडतं’ असं होतं. खोडलं. मग मागे मागे गेले. सुरुवातीला एकुलत्या उरलेल्या अंड्याला मार्लिन वचन देतो की तुला कधी काही होऊ देणार नाही. मध्ये देवमाशाच्या तोंडात डोरी त्या वचनातली खोच काढते, काही होऊच दिलं नाहीस तर त्याच्या आयुष्यात काही घडणार कसं. आणि तिथेच तो देवमाशाच्या जिभेवरची पकड सोडतो. धरलेलं सोडण्याची ती तालीम. जाळ्यापाशी तो पोराला सोडतो ते त्याच बीजाचं फळ. पोर सापडणं ही बाहेरची गोष्ट, ती जाळ्याआधीच संपलेली असते. तरी सिनेमा थांबत नाही, कारण आतलं काम बाकी आहे. पात्राला काय हवंय आणि त्याला कशाची गरज आहे, या दोन वेगळ्या ओळी लिहा. दोन्ही एकाच प्रसंगात पुऱ्या होत नसतील तर मधल्या अंतरात लेखकाने काय ठेवलंय ते बघा.

बाकी किरकोळ. दुसऱ्यांची विश्लेषणं आपली वही भरेपर्यंत वाचू नका. सारांश दहा ओळींच्या वर गेला की कापा. नोकरीच्या चाचणीत बहुधा छोटा नमुना देतात. मुलांच्या मालिकांचे अकरा-अकरा मिनिटांचे एपिसोड असतात, त्यातला एक वाचून एका वाक्यात कथाबीज, अर्ध्या पानात सारांश आणि पानभर मत मागतात. मतात ‘छान आहे’, ‘मजा आली’ नको. कुठला प्रसंग काढला तर काय कोसळेल, ते लिहा. पगार सुरुवातीला पुण्यातल्या खोलीभाड्यापुढे फार पुरत नाही, हेही सांगून ठेवते.

जुलैत पुन्हा दिलेल्या असाइनमेंटला सात मिळाले. शेरा होता : ‘जाळ्याचा मुद्दा चांगला. शब्दमर्यादा ओलांडली आहे.’

वही काकांनी परत मागून घेतली, हंगाम सुरू झाला होता. परवा गणपतीला गेले तेव्हा ती देवघराच्या फडताळात दिसली. मार्लिनच्या शेवटच्या ओळीखाली, त्याच रकान्यांत, काकांचं अक्षर सुरू होतं : बांगडा, १४ टोपल्या, २२ वाटे.