घरगुती ब्रिटिश फार्स बसवताय? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या हौशी नाटक मंडळांत मी बरीच वर्षं पडद्यामागचं काम बघतोय. नाताळ जवळ आला की कुणीतरी ब्रिटिश नाटककार ॲलन एकबर्नचा 'सीझन्स ग्रीटिंग्ज' हा फार्स, म्हणजे गोंधळातून हसवणारं नाटक, काढतंच. १९८० साली इंग्लंडमधल्या स्कारबरो गावात पहिल्यांदा झालेल्या या नाटकात नऊ मोठी माणसं नाताळच्या आदल्या दिवसापासून २७ डिसेंबरच्या पहाटेपर्यंत एकाच घरात असतात, आणि एकमेकांना पुरून उरतात. नाटक सुरेख आहे. ते दरवेळी त्याच चुकांनी पडताना बघून जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हसवायला जाणं. यातला डॉक्टर बर्नार्ड दर नाताळात मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ करतो. तीन डुकरांची गोष्ट. तो खेळ घरात कुणालाच नको असतो. नवखा नट पहिल्याच तालमीत बाहुल्या मुद्दाम पाडतो, तोंड वेडंवाकडं करतो. हे फसणार हे त्याला आधीच माहीत आहे, असं प्रेक्षकाला कळलं की संपलंच. बर्नार्डचा त्या डुकरांवर जीव आहे! म्हणून मी नटाला बाहुल्या हातात देतो आणि रिकाम्या हॉलमध्ये तो खेळ एकट्याने, बिनचूक करायला लावतो. कंटाळा आला तरी करायचाच. एका प्रयोगात डुकराचा पाय खरोखरच देखाव्यात अडकला. आमच्या बर्नार्डने प्रेक्षकांकडे बघितलंसुद्धा नाही, दोन बोटांनी तो पाय हळूच सोडवत राहिला. तेवढा हशा लिहिलेल्या एकाही वाक्याला आला नव्हता.

दुसरी चूक दारांची. एका मंडळाने दुसऱ्या एका फार्सची पाच आठवडे जमिनीवर चिकटपट्ट्या मारून तालीम केली. 'दार काय, शेवटी लावू' म्हणाले. रंगीत तालमीच्या आदल्या रात्री दारं आली. बिजागऱ्या प्रेक्षकांकडच्या अंगाला, आणि दार उघडणार रंगमंचावर. सासूबाई दार उघडतात आणि जावयाला परक्या बाईच्या मिठीत बघतात, त्या क्षणी त्यांचा चेहरा दिसायला हवा. दिसली फक्त दाराची फळी. वाक्य बरोबर, वेळ बरोबर, आणि पहिल्या प्रयोगाला सभागृह गप्प. शिवाय दार आपटलं तशी अख्खी भिंत हलली आणि तिच्यावरचं नाताळचं तोरण खाली आलं. त्या रात्री मी आणि आणखी एकाने मिळून बिजागऱ्या मागच्या अंगाला घेतल्या, दार विंगेत उघडेल असं केलं, भिंतीला मागून टेकू देऊन वाळूच्या पिशव्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच जागी सासूबाईंना हशा ओसरायची वाट बघावी लागली.

तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये दोन जुनी दारं चौकटीसकट उभी असतात. पहिल्या तालमीपासून तीच नेतो. नटाच्या हाताला कडीची सवय व्हायला आठवडे लागतात, त्याला दुसरा रस्ता नाही.

बाकीचं थोडक्यात. पहिला प्रवेश संथ वाटतो म्हणून कापू नका, कोण कुणाचं कोण हे तिथेच कळतं. वेग म्हणजे ओरडणं नव्हे. व्हिस्कीच्या जागी गार कोरा चहा, आणि जेवणाच्या प्रसंगात बोलणाऱ्याच्या तोंडात घास नको. नकली पिस्तुलाची जबाबदारी एकाच माणसाकडे, ते दुसऱ्या कुणी उचलायचं नाही.

आणि 'सीझन्स ग्रीटिंग्ज'चा शेवटचा प्रसंग. घरातले हार्वी अंकल पाहुण्या क्लाइव्हला चोर समजून गोळी घालतात, बर्नार्ड तो मेला असं सांगतो, आणि मग क्लाइव्ह कण्हतो. ते कण्हणं जवळजवळ प्रत्येक नट लवकर सोडतो, कारण स्तब्धतेत पडून राहायची त्याला भीती वाटते. आधी तो मेलाय हे लोकांना पटू द्या. आमच्याकडे क्लाइव्हने मनात सावकाश पाचपर्यंत मोजायचं, आणि सभागृहात कुणी खोकलं तर पुन्हा एकपासून.