तांब्याचा हुमला घडवताना

शोभेची मुंगी आणि कीटकशास्त्रज्ञाने घडवलेली धातूची मुंगी यांत मुख्य फरक मोजमापाचा असतो, म्हणून पत्र्याला हात लावण्यापूर्वी कीटक नीट पाहून घ्यावा. गोव्यात आंब्या-काजूच्या झाडांवर पाने जोडून घरटी बांधणारा हुमला, म्हणजे इकोफिला स्मरॅग्डिना ही मुंगी, यासाठी उत्तम. त्याचा तांबूस रंगही तांब्याला साजेसा आहे. घरट्याला धक्का न लावता (लावल्यास तो कडकडून चावतोच) त्याची वरून, बाजूने व समोरून छायाचित्रे घ्यावीत. मोठा कामकरी हुमला साधारण ८ ते १० मिलिमीटर लांब असतो. २० पट आकारात शिल्प १६ ते २० सेंटिमीटरचे होते.

डोके, धड आणि पोट यांसाठी अर्ध्या मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावा आणि लाकडी ठोकळ्यातील खळग्यावर ठोकून त्याच्या वाट्या कराव्यात. ठोकताना तांबे पुन्हा कडक होते, तेव्हा ते परत तापवावे. दोन वाट्या जोडण्यापूर्वी एकीला बारीक भोक पाडणे अत्यावश्यक आहे, कारण बंद पोकळीतील तापलेली हवा सांधा फोडू शकते. हे काम नवे असल्यास डिचोलीकडील समया घडवणाऱ्या कारागिराचा हात पाहावा.

खरी कसोटी पायांची. सहाही पाय धडालाच असतात. बाजारातील शिल्पांत ते पोटालाही चिकटवलेले दिसतात आणि तिथेच मुंगी बिघडते. धडाला आरपार भोके पाडून २ मिलिमीटरच्या तीन तारा ओवाव्यात, म्हणजे प्रत्येक तारेचे दोन्हीकडे एकेक पाय होतात आणि भार केवळ झाळीवर (वितळवलेल्या धातूच्या जोडावर) पडत नाही. चांदीच्या डागाला (चांदीमिश्रित धातूच्या झाळीला) लागणाऱ्या उष्णतेने तार मऊ पडून पाय वाकतात, म्हणून येथे कथलाची झाळ बरी. मात्र तांबे उष्णता झपाट्याने ओढून घेत असल्याने झाळकामाच्या लहान इस्त्रीऐवजी गॅसची ज्योत वापरावी. झाळकाम हवेशीर जागी करावे. मिशा डोक्यापासून सरळ निघून कोपरासारख्या वळतात, आणि पोट व धड यांमधील कंबर एकाच बारीक पेराची असते, हे विसरू नये.

शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने झाळताना लावलेले आम्ल धुऊन काढावे, शिल्प पूर्ण वाळवून त्यावर पारदर्शक लॅकर द्यावे. नाहीतर किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात सांध्यांवर हिरवे डाग उमटू लागतात.